अदृश्य व्रणांचा प्रश्न : नॅन्सी आइसलँड यांच्या 'द डिसेबल्ड गॉड' या ग्रंथाचे परीक्षण

अपंगत्व आणि ख्रिस्ती सिद्धांत यांच्या परस्परसंबंधाविषयी गेल्या तीन-चार दशकांत जे लेखन झाले, त्यात नॅन्सी आइसलँड यांच्या 'द डिसेबल्ड गॉड' या छोटेखानी ग्रंथाचे स्थान अग्रभागी आहे. १९९४ साली अमेरिकेतील अबिंग्डन प्रेसने तो प्रसिद्ध केला. लेखिकेला जन्मतःच अस्थिदोष होता, बालपणी अनेक शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या होत्या. पुढे एमरी विद्यापीठाच्या कँडलर ईश्वरविज्ञान विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, आणि २००९ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी त्या प्रभूकडे गेल्या. ग्रंथ जुना झाला असे मात्र म्हणता येत नाही. आपल्या पाळकांपैकी व धर्मशिक्षकांपैकी ज्यांना इंग्रजी वाचनाचा सराव आहे, त्यांनी तो अवश्य वाचावा असेच आमचे मत आहे. पण वाचताना एक कसोटी हाताशी ठेवावी, असे सुचविण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहोत. ही कसोटी म्हणजे ज्याचे अपंगत्व डोळ्यांना दिसतच नाही असा मनुष्य. उदाहरण म्हणून आम्ही जलशीर्ष, म्हणजे हायड्रोकेफॅलस, या विकारासह जगणाऱ्यांचा विचार करणार आहोत.

ग्रंथाचा गाभा

लेखिकेच्या मते मंडळीने अपंग बंधुभगिनींना तीन प्रकारच्या विचारांनी दूर लोटले. पहिला विचार म्हणजे पाप व अपंगत्व यांची सांगड. दुसरा म्हणजे अपंगत्व हे देवाने सोपविलेले पुण्यप्रद दुःख असून ते निमूटपणे सोसावे, ही शिकवण. तिसरा म्हणजे अपंगांना वेगळे ठेवून त्यांच्यावर केलेला दानधर्म. हे तिन्ही विचार आपल्याकडेही किती खोल रुजले आहेत, हे वेगळे सांगावयास नको. 'कोणाच्या पापाचे फळ?' हा शिष्यांचा प्रश्न (योहान ९) आजही आपल्या गावोगावी बाळंतिणीच्या खोलीबाहेर विचारला जातो. त्यात 'मागच्या जन्मीचे' हे शब्द जोडले जातात, एवढाच काय तो फरक.

यावर लेखिका जे उत्तर देतात त्याचा आधार लूककृत शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात आहे. पुनरुत्थित प्रभू भयभीत शिष्यांना आपले हात व पाय पाहावयास सांगतो. पुनरुत्थानाने व्रण पुसले गेले नाहीत, गौरवी देहावरही ते राहिले. यावरून लेखिका असा निष्कर्ष काढतात की, देहाची परिपूर्णता म्हणजे देहाची निर्व्यंगता नव्हे. श्वास आत ओढून व बाहेर सोडून चालवावयाच्या चाकांच्या खुर्चीत बसलेला देव, अशी एक प्रतिमा त्यांनी वाचकांपुढे ठेवली आहे. ती प्रथमदर्शनी धक्का देते. परंतु वधस्तंभावरील देव ही प्रतिमाही पहिल्या शतकातील श्रोत्यांस धक्का देणारीच होती, हे आपण विसरू नये.

प्रभुभोजनाविषयीचे त्यांचे निरीक्षण तर प्रत्येक पाळकाने मनावर घ्यावे असे आहे. इतर सर्व सभासद वेदीपाशी जात असता लेखिकेला मात्र जागेवरच बसून राहण्यास सांगितले जाई व प्रसाद तेथे आणून दिला जाई. सेवकांचा हेतू चांगला होता. परंतु मोडलेल्या देहाच्या त्या भोजनात मोडलेल्या देहाचीच माणसे एकटी पडत होती. ग्रंथाची ही बाजू निर्विवाद आहे.

दिसणारे आणि न दिसणारे

आता आमच्या कसोटीकडे वळू. जलशीर्ष हा विकार आपल्या लोकांत 'डोक्यात पाणी झाले' या शब्दांनी ओळखला जातो. ते पाणी बाहेरून आलेले नसते. प्रत्येक मनुष्याच्या मेंदूत चार पोकळ्या असतात व त्यांत एक स्वच्छ द्रव अखंड तयार होत असतो. प्रौढ माणसात दिवसाकाठी सुमारे अर्धा लिटर द्रव तयार होतो, पण एका वेळी आत साठून असतो तो सुमारे दीडशे मिलिलिटरच. उरलेला वाहत जाऊन रक्तात शोषला जातो. ही वाट जन्मजात अरुंद असली, किंवा मेंदूज्वर, रक्तस्राव अथवा गाठ यांमुळे अडली, म्हणजे द्रव तुंबतो, पोकळ्या फुगतात व मेंदूवर दाब पडतो. पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेल्या बालकांत हा विकार वारंवार आढळतो. आपल्या देशात क्षयजन्य मेंदूज्वर हेही त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. उतारवयातही हा विकार होतो. चाल अडखळणे, लघवीवरील ताबा सुटणे व विस्मरण या तीन लक्षणांनी तो ओळखला जातो, पण बहुधा 'म्हातारपण' म्हणून सोडून दिला जातो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यावर भरवशाचा उपाय नव्हता. १९५६ मध्ये फिलाडेल्फिया येथे जॉन होल्टर या यंत्र-कारागिराने, स्वतःच्या मुलाला हा विकार असल्यामुळे, एक लहानशी झडप तयार केली. १९६० मध्ये लेखक रोआल्ड डाल यांच्या तान्ह्या मुलाच्या बाबागाडीला न्यूयॉर्कमध्ये मोटारीने धडक दिली व त्या मुलास हा विकार जडला. तेव्हा डाल, अभियंता स्टॅन्ली वेड आणि शल्यचिकित्सक केनेथ टिल यांनी मिळून १९६२ मध्ये दुसरी झडप सिद्ध केली. डाल यांच्या मुलाला तोवर तिची गरज उरली नव्हती, ती इतरांच्या मुलांच्या उपयोगी पडली. आज ही नळी, जिला सर्वत्र 'शंट' म्हणतात, मेंदूच्या पोकळीतून निघून कातडीखालून कानामागून, मानेतून व छातीवरून पोटात उतरते. तिने असंख्य मुले जगविली आहेत. मात्र ती कायमची विसंबण्याजोगी नाही. बालकांमध्ये घातलेल्या शंटांपैकी जवळजवळ निम्म्या दोन वर्षांच्या आत निकामी होतात व पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

ज्याच्या देहात ही नळी आहे तो मनुष्य आपल्या मंडळीत येऊन बसला, तर काय दिसेल? काहीही दिसणार नाही. केस वाढले की टाके झाकले जातात. तो चालतो, हसतो, गीते गातो. त्याचे बोलणे पुष्कळदा सफाईदार असते, आणि याच कारणाने त्याची अडचण अधिक झाकली जाते. बोलण्यात चतुर असलेला मुलगा तीन सूचना एकापाठोपाठ दिल्या तर गोंधळतो, वेळेचा अंदाज चुकतो, नव्या रस्त्याने परत येताना हरवतो, गोंगाटात बसला की डोके धरतो, दुपारपर्यंत थकून जातो. हे सर्व प्रत्येकात सारखेच आढळते असे नाही, एकाच माणसातही आज व उद्या यांत अंतर पडते. शाळा त्याला आळशी ठरविते, नातेवाईक लाडावलेला ठरवितात, आणि उपासनेतून मध्येच उठून गेला तर आपण त्याची भक्ती कमी आहे असे ठरवितो.

येथे प्रस्तुत ग्रंथाचा आधार अपुरा पडतो. लूक २४ मधील व्रण दाखविले गेले, पाहिले गेले. लेखिकेने ज्या दोन स्त्रियांच्या जीवनकथा विस्ताराने मांडल्या आहेत, त्यांपैकी एक जन्मतःच हातपायांवाचून आहे व दुसरीला मज्जासंस्थेच्या विकाराने चाकांच्या खुर्चीचा आश्रय घ्यावा लागला आहे. त्यांचे साक्षीपण मोलाचे आहे, पण ते डोळ्यांना दिसणारे आहे. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या देवाची प्रतिमा मंडळीला दाराशी उतार बांधावयास शिकविते. कानामागे दडलेल्या नळीसाठी मंडळीने काय बांधावे, हे ती शिकवीत नाही.

दुसरे असे की, लेखिका अपंगांना एक अल्पसंख्य समाज मानतात व त्या समाजाच्या हक्कांच्या भाषेत बोलतात. अमेरिकेत १९९० साली अपंगांसाठी जो कायदा झाला त्या काळाचा तो सूर आहे आणि त्याने पुष्कळ साध्य झाले. पण अल्पसंख्याकांत मोजले जाण्यासाठी आधी ओळखले जावे लागते. ज्याचे दुखणे दिसत नाही त्याने प्रत्येक नव्या माणसापुढे, प्रत्येक नव्या पाळकापुढे ते प्रथम सांगावयाचे, मग सिद्ध करावयाचे. सांगितले तर 'पण दिसत तर नाही', न सांगितले तर 'मग बोलला का नाहीस', अशी दुहेरी कोंडी होते. आपल्या देशात १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. ही मोठीच प्रगती होय. तरी त्या यादीत जलशीर्षाचे स्वतंत्र नाव नाही. त्याच्या परिणामांवरून कोणत्या ना कोणत्या रकान्यात बसावे लागते, आणि पुष्कळ सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र आणावे लागते. थकव्याचे व विस्मरणाचे टक्के काढणे किती कठीण आहे, हे रुग्णाच्या आईवडिलांनाच ठाऊक.

शास्त्रातील दुसरे आधार

याचा अर्थ लेखिकेची दिशा चुकली असा नाही. त्याच दिशेने पवित्र शास्त्रात आणखी पुढे जाता येते, एवढेच आमचे म्हणणे आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायातील रक्तस्रावी स्त्री बारा वर्षे आजारी होती. वैद्यांपायी तिचे सर्व द्रव्य खर्च झाले होते. गर्दीत मात्र ती इतरांसारखीच एक होती, तिचे दुखणे कोणालाही दिसत नव्हते. प्रभूला ते पाहण्यापूर्वी जाणवले. त्याने पुरावा मागितला नाही. तिने सर्व सत्य सांगितले तेव्हा याईराच्या घरी जाण्याची घाई असतानाही तो थांबून राहिला, आणि तिला कन्या म्हणून हाक मारली. येथे एक आक्षेप घेता येईल व तो आम्हांस नाकारावयाचा नाही. तिला चारचौघांत बोलावयास लावणे हे तिचे गुपित उघडे करणे नव्हे काय? आमच्या मते, ज्या समाजाने तिला अशुद्ध ठरवून वगळले होते त्याच समाजासमोर तिला परत घेणे हा त्या थांबण्याचा हेतू होता. परंतु पाळकाने यावरून कोणाचेही दुखणे व्यासपीठावरून जाहीर करण्याचा परवाना घेऊ नये. सांगितले ते त्या स्त्रीने स्वतः सांगितले, शिष्यांनी नव्हे.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या १२ व्या अध्यायातील पौलाचा काटा हा दुसरा आधार होय. हा उतारा निमूट सोसण्याच्या उपदेशासाठी वापरला जातो, याबद्दल लेखिकेची तक्रार रास्त आहे. पण त्यातील एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. पौलाने तो काटा कोणता हे सांगितलेच नाही. टीकाकार शतकानुशतके त्याचे निदान करीत आले : कोणी नेत्रविकार म्हणाले, कोणी अपस्मार, कोणी हिवताप. करिंथच्या मंडळीने मात्र निदानावाचून त्याचा शब्द मानावा अशी पौलाची अपेक्षा होती. आपल्या मंडळीतील एखादी भगिनी 'आज माझ्याने होत नाही' असे म्हणते, तेव्हा तिच्याही शब्दाला तेवढेच वजन असावे.

थोमाच्या कथेत (योहान २०) न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. ते वचन पुनरुत्थानावरील विश्वासाविषयी आहे, त्याचा मूळ अर्थ ओढूनताणून बदलू नये. तथापि जी मंडळी न पाहिलेल्या प्रभूवर विश्वास ठेवते, तिने समोर बसलेल्या भावाच्या न दिसणाऱ्या वेदनेचा मात्र पुरावा मागावा, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

बरे करणे आणि बरे होणे

ग्रंथातील आणखी एका भागाशी आमचा काहीसा मतभेद आहे. चमत्काराने बरे करण्याच्या उपदेशाविषयी लेखिकेच्या मनात मोठा संशय आहे. स्वर्गात तू निर्व्यंग होशील, असे लहानपणी ऐकविले जाई, तेव्हा आपली ओळखच पुसली जाईल असे त्यांना वाटे. हा अनुभव आदरणीय आहे. परंतु जलशीर्षाच्या बाबतीत उपचार ही आवडीनिवडीची गोष्ट नाही. दाब वाढत गेला तर दृष्टी जाते, बुद्धी जाते, प्राणही जातो. म्हणून देहाचा स्वीकार आणि देहावरील उपचार ही एकमेकांविरुद्ध उभी करता येत नाहीत. लेखिका तसे करतात असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्यांच्या विवेचनात उपचाराच्या सेवेला जेवढी जागा मिळावयास हवी होती तेवढी मिळालेली नाही.

ही उणीव भरून काढणारे उदाहरण ख्रिस्ती सेवेच्या इतिहासातच आहे. युगांडातील म्बाले येथील क्युअर रुग्णालयात मिशनरी शल्यचिकित्सक बेंजामिन वॉर्फ यांना असे दिसून आले की, तेथील बालकांत या विकाराचे मुख्य कारण जन्मानंतरचे जंतुसंसर्ग हे आहे. शंट बिघडली तर दूरच्या खेड्यातून वेळेत रुग्णालय गाठणे अशक्य असते. म्हणून त्यांनी मेंदूच्या पोकळीत दुर्बिणीद्वारे नवी वाट पाडण्याची आणि द्रव निर्माण करणाऱ्या पेशीजालाचा काही भाग जाळण्याची जोडपद्धती विकसित केली, जेणेकरून पुष्कळ बालकांना शंटची गरजच राहू नये. ज्यांना शंट लागलीच, त्यांच्यासाठी उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे बनणारी स्वस्त छाब्रा शंट पाश्चात्त्य महागड्या शंटपेक्षा एका वर्षाच्या अखेरीस कमी ठरत नाही, असे त्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत दाखवून दिले. प्रार्थनापूर्वक केलेली बुद्धीची सेवा ती हीच.

याउलट, 'विश्वास असेल तर नळी काढून टाक' असा उपदेश कोणत्याही चंगाई सभेत झाला, तर तो प्राणघातक ठरू शकतो. या विषयात पाळकाने मौन पाळू नये. शंट असलेल्या बालकाला डोकेदुखी, उलटी व अतिझोप ही लक्षणे एकत्र दिसली, तर प्रार्थना वाहनात बसून करावी व वाहन रुग्णालयाकडे न्यावे.

वेळेचे ईश्वरविज्ञान

लेखिकेनंतरच्या ग्रंथकारांपैकी ॲबर्डीन विद्यापीठातील जॉन स्विंटन यांचे 'बिकमिंग फ्रेंड्स ऑफ टाइम' (२०१६) हे पुस्तक आमच्या कसोटीला अधिक उतरते. स्विंटन पूर्वी मनोरुग्णांचे परिचारक होते. अपंगत्वाचा विचार ते अवयवांपासून नव्हे तर वेळेपासून सुरू करतात. घड्याळाच्या वेगाने न चालणाऱ्या माणसाला आपण अपुरा ठरवितो, परंतु तो वेग देवाने ठरविलेला नाही. या विवेचनात त्यांना जपानी ईश्वरविज्ञानी कोसुके कोयामा यांच्या १९७९ च्या ग्रंथाची मदत झाली आहे. देव माणसाच्या पावलांच्या गतीने, म्हणजे ताशी सुमारे पाच किलोमीटरने, चालतो, हा कोयामांचा विचार आपल्या अनेक वाचकांना परिचित असेल. ज्याची विस्मृती व थकवा डोळ्यांना दिसत नाही, त्याला उतारापेक्षा वेळच अधिक लागतो.

तरीही स्विंटन यांचे पुस्तक आइसलँड यांच्या ग्रंथाची जागा घेऊ शकत नाही. स्विंटन अपंगांविषयी सोबत्याच्या नात्याने लिहितात, आइसलँड स्वतःच्या देहातून लिहितात. पहिल्यात सौम्यता आहे, दुसरीत जाब विचारण्याचे बळ आहे. आपल्या मंडळींना दोन्हींची गरज आहे.

आपल्या भाषेचा प्रश्न

ग्रंथाचे नाव मराठीत कसे आणावे, याचा विचार करताना आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. अपंग, विकलांग, दिव्यांग या तिन्ही शब्दांच्या पोटात 'अंग' आहे. आपली भाषा न्यूनता अवयवांतच शोधते. शेवटचा शब्द गेल्या काही वर्षांत सरकारी व्यवहारात रूढ झाला. त्यामागे सन्मानाची इच्छा असेल, परंतु माणसाला दिव्य म्हटल्याने त्याची रांग लहान होत नाही आणि त्याचा थकवा उतरत नाही. न दिसणाऱ्या न्यूनतेला आपल्याकडे रुळलेला शब्दच नाही. 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण आपण ढोंगी माणसासाठी राखून ठेवली आहे. ती निरोगी दिसणाऱ्या दुखणेकऱ्यासाठीही खरी आहे, पण तेथे फसतो तो पाहणारा, फसविणारा कोणी नसतो.

उपसंहार

बेळगाव असो, बडोदे असो की इंदूर, आपल्या मंडळ्या लहान आहेत. लहान मंडळीत प्रत्येकाला प्रत्येक जण ओळखतो असे आपण अभिमानाने म्हणतो. हा अभिमान खरा ठरावयाचा असेल तर काही गोष्टी आजच करता येतील. उपासनेतून मध्येच बाहेर जाणाऱ्याकडे माना वळू नयेत. ध्वनिक्षेपकापासून दूर एखादे शांत बाक असावे. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका वेळी एकच सूचना द्यावी व ती फळ्यावर लिहावी. विवाहपूर्व शिक्षणात वधूला हे सांगावे की, गर्भधारणेपूर्वीपासून वैद्यांच्या सल्ल्याने घेतलेले फॉलिक आम्ल बालकाच्या कण्याचे पुष्कळ दोष टाळते. आणि ज्या घरी असे बालक जन्मले आहे, तेथे पापाचा शब्द पाळकाच्या तोंडून चुकूनही निघू नये.

'द डिसेबल्ड गॉड' हा ग्रंथ आपल्याला पुनरुत्थित प्रभूचे व्रण पाहावयास शिकवितो, याबद्दल लेखिकेचे ऋण मोठे आहे. तिचे प्रतिपादन दिसणाऱ्या देहापाशी थांबले, ही त्याची मर्यादा होय. पुढचे पाऊल आपल्याला टाकावयाचे आहे, आणि ते अभ्यासिकेत नव्हे तर येत्या रविवारी, मागच्या बाकावर कपाळ धरून बसलेल्या मुलाजवळ जाऊन टाकावयाचे आहे. त्याला 'काय झाले ते दाखव' असे न म्हणता 'काय हवे ते सांग' असे म्हणता आले, तर या ग्रंथाचे वाचन सार्थकी लागले असे समजावे.